वेताळाची पिढी : ओझर, इंद्रजाल आणि १९६४ नंतरची पंचवीस वर्षे

इंद्रजाल कॉमिक्स ह्या चित्रकथामालेचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या ओझर येथे मिग लढाऊ विमानांचा कारखाना आकाराला येऊ लागला. ह्या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध काहीही नाही; परंतु स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या ज्या मराठी पिढीने बालपणी वेताळ, मॅन्ड्रेक आणि बहादूर वाचले, तिच्या वाचनाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर मुंबईतील छापखान्याबरोबरच ओझरसारख्या नव्या वसाहतींकडेही पाहावे लागते. आज ह्या अंकांविषयी हळवेपणाने बोलले जाते आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र त्या हळवेपणाच्या मुळाशी कागद, शाई, भाषांतर आणि देवाणघेवाण ह्यांचा एक पक्का व्यवहार होता, आणि त्या व्यवहारात मराठी माणसांनी केलेल्या कामाची पुरेशी नोंद अजून झालेली नाही.

येथे ओझर म्हणजे जुन्नर तालुक्यातील विघ्नहराचे ओझर नव्हे, तर निफाड तालुक्यातील, बाणगंगेच्या काठचे ओझर. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार मिग-२१ ह्या विमानाची बांधणी भारतात करण्याचे ठरले, तेव्हा विमानाचा सांगाडा नाशिकजवळ, इंजिन ओडिशातील कोरापूट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे अशी कामाची विभागणी झाली. ह्या कामासाठी १९६३ मध्ये स्थापन झालेली एरोनॉटिक्स इंडिया ही कंपनी आणि बंगळूरची जुनी हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी १ ऑक्टोबर १९६४ रोजी एकत्र आल्या, आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे ज्याला सारा नाशिक जिल्हा ‘एचएएल’ म्हणतो तो सार्वजनिक उद्योग, अस्तित्वात आला. ‘मिग’ हे मिकोयान आणि गुरेविच ह्या दोन सोव्हिएत अभियंत्यांच्या नावांवरून पडलेले लघुनाम; पण परिसरात ते इतके रुळले की वसाहतीला ‘ओझर मिग’ असेच म्हटले जाऊ लागले. कारखान्याबरोबर धावपट्टी आली, कामगारांची वसाहत आली, शाळा आल्या, आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून बदलीवर आलेली कुटुंबे द्राक्षांच्या आणि कांद्याच्या ह्या मुलखात शेजारी शेजारी राहू लागली.

वेताळ हा मात्र ह्या सगळ्यापेक्षा जुना. ली फॉक ह्या अमेरिकी लेखकाने १९३४ मध्ये मॅन्ड्रेक ह्या जादूगाराची आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी फँटमची, म्हणजे मराठीतल्या वेताळाची, चित्रमालिका वृत्तपत्रांत सुरू केली. चित्रमालिका म्हणजे वृत्तपत्रात रोज तीन-चार चौकटींत पुढे सरकणारी कथा. रविवारी तीच रंगीत आणि मोठ्या आकारात येत असे, आणि तिचे कथानक स्वतंत्र असे. सुपरहिरो ह्या शब्दाने आज जो नायक डोळ्यांसमोर येतो, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख, चेहऱ्यावर मुखवटा आणि गुपित ठेवलेली ओळख असलेला, त्याचे रूप फँटमने सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी घडवले होते. फरक इतकाच की फँटमला कोणतीही अमानवी शक्ती नव्हती. १५३६ मध्ये समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका खलाशाने आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरी, लोभ आणि क्रौर्य ह्यांच्याविरुद्ध लढण्याची शपथ घेतली, आणि तेव्हापासून पित्यामागून पुत्र तोच पोशाख चढवत आला. बाहेरच्या जगाला वाटे की हा एकच माणूस चारशे वर्षे जगतो आहे. खरे काय ते फक्त जंगलातल्या बांडार जमातीला आणि वाचकाला माहीत असे. ह्या मालिकेच्या लोकप्रियतेचे रहस्य बहुधा ह्याच रचनेत आहे, कारण अमरत्वामागचे गुपित ठाऊक असलेल्या मोजक्या लोकांत वाचकाची गणना होत असे, आणि दहा वर्षांच्या मुलाला असा मान दुसरीकडे सहसा मिळत नाही.

भारतात फँटम पहिल्यांदा आला तो १९४० च्या दशकात ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ ह्या इंग्रजी साप्ताहिकातून. हे साप्ताहिक आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’ दोन्ही बेनेट, कोलमन आणि कंपनीची. त्यामुळे किंग फीचर्स ह्या अमेरिकी वितरणसंस्थेशी ह्या कंपनीचा संबंध जुना होता, आणि १९६४ मध्ये तिने ह्या कथा स्वतंत्र पुस्तिकांच्या रूपात काढायला घेतल्या. मराठी वाचकाची ह्या नायकासाठी तयारी आधीच झालेली होती, हे विसरता येत नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक रहस्यकथांतून झुंजार आणि काळा पहाड हे वेषांतर करणारे, कायद्याच्या कडेने चालणारे आणि दुर्बलांच्या बाजूने उभे राहणारे नायक घरोघरी पोचले होते. ‘चांदोबा’च्या पानांतून विक्रम आणि वेताळ दर महिन्याला भेटत होते. तेव्हा अमेरिकी फँटमला मराठीत वेताळ म्हणून आणले गेले, त्या वेळी त्याला अंगणातून थेट घरात घेतल्यासारखे झाले.

इंद्रजालचा पहिला अंक वेताळाच्या पित्याच्या खुनाशी निगडित असलेल्या कमरपट्ट्याची कथा सांगणारा होता आणि त्यातील चित्रे विल्सन मॅकॉय ह्या चित्रकाराची होती. अंक बत्तीस पानी, रंगीत आणि किमतीने साठ पैशांचा. आरंभीचे सुमारे तीस अंक एकट्या वेताळाचे निघाले. पुढे मॅन्ड्रेक आणि त्याचा सोबती लोथार, अंतराळात भटकणारा फ्लॅश गॉर्डन, चष्मा लावणारा गुप्तहेर रिप कर्बी असे इतर नायक आळीपाळीने येऊ लागले. मासिक म्हणून सुरू झालेली ही माला पुढे पाक्षिक झाली आणि १९८० च्या दशकात साप्ताहिक झाली. इंग्रजी, हिंदी आणि मराठीप्रमाणेच गुजराती, बंगाली, तमिळ, कन्नड, मल्याळम अशा भाषांतूनही वेगवेगळ्या काळात तिचे अंक निघाले.

ह्या अंकांची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण वाचकाच्या हाती येणारी वस्तू अमेरिकेत तयार झालेली नव्हती. मूळ मालिका रोज थोडी थोडी छापली जात असल्यामुळे प्रत्येक दिवसाच्या पहिल्या चौकटीत आदल्या दिवसाचा सारांश असे. पुस्तिकेत ही पुनरुक्ती खटकली असती, म्हणून संपादकांना चौकटी गाळाव्या लागत, काही रुंद कराव्या लागत, काही कापाव्या लागत, आणि आडव्या पट्टीतील कथा उभ्या पानावर नव्याने मांडावी लागे. मूळ दैनिक पट्ट्या कृष्णधवल होत्या. त्यांचे रंग येथे भरले गेले. वेताळाचा पोशाख इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल, स्कँडिनेव्हियात निळा असा देशोदेशी बदलत गेला; मराठी मुलांच्या स्मरणात तो जांभळा आहे. कथेतील प्रदेशाचे मूळ नाव बंगालशी मिळतेजुळते होते, ते बदलून डेंकाली करण्यात आले, आणि सिंग नावाच्या चाच्यांच्या टोळीला सिंगा म्हटले गेले, जेणेकरून भारतीय वाचकाला ते नाव टोचू नये. ह्याहून कठीण काम भाषांतरकाराचे होते. संवादाचा फुगा, म्हणजे पात्राच्या तोंडाशी काढलेले शब्दांचे वर्तुळ, मूळ इंग्रजी वाक्याच्या मापाचा असतो आणि तो वाढवता येत नाही. त्यामुळे मराठी वाक्य त्याच जागेत बसेल इतके आखूड, तरीही बोलण्यासारखे सहज असावे लागे. ह्या सक्तीतून इंद्रजालची एक तुटक, वेगवान आणि थोडी नाटकी मराठी तयार झाली. ती ज्यांनी घडवली, त्या भाषांतरकारांची नावे एकाही सामान्य वाचकाच्या ओठांवर नाहीत, आणि ही उणीव ह्या सगळ्या स्मरणरंजनात सर्वांत मोठी आहे.

मुखपृष्ठकाराचे भाग्य थोडे बरे होते. ‘बी. गोविंद’ ही सही अनेक मुखपृष्ठांच्या कोपऱ्यात दिसे. ती गोविंद ब्राह्मणिया ह्यांची. आतील पाने अमेरिकी चित्रकारांची असली, तरी दुकानातल्या दोरीवर चिमट्याने लटकणाऱ्या अंकाच्या ज्या रंगीत चित्राकडे पाहून मूल थांबे, ते येथेच काढलेले असे. झाडांची दाट हिरवाई, उसळलेला पांढरा घोडा, मुखवट्यातले बुबुळ नसलेले डोळे आणि पुढे झेपावणारा लांडगा ही जी प्रतिमा लोकांच्या मनात आहे, तिचा बराचसा भाग ब्राह्मणियांच्या कुंचल्याचा आहे, आणि मूळ मालिकेच्या कोणत्याही अमेरिकी संग्रहात तो सापडणार नाही.

अंक मुंबईतून निघे आणि रेल्वेने व एसटीने गावोगावी जाई. नाशिक रोडसारख्या स्थानकांवरचे पुस्तकांचे स्टॉल, एसटी स्टँडवरचे वर्तमानपत्रविक्रेते आणि शाळेजवळची वह्या-पेन्सिलींची दुकाने ही त्याची ठिकाणे. नाशिकला १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय होते आणि जिल्ह्यात ग्रंथालयांची परंपरा चांगली होती. तरी कॉमिक्स हा प्रकार ग्रंथालयाच्या कपाटापेक्षा भाड्याने पुस्तके देणाऱ्या छोट्या दुकानांतच जास्त वाढला. असा दुकानदार पाच-सहा अंक एकत्र करून कडेने दाभणाने शिवत असे, वर जाड पुठ्ठा लावत असे, आणि दिवसाच्या भाड्यावर ते देत असे. त्या शिवणीत प्रत्येक पानाची आतली बाजू अडकून जाई, डाव्या चौकटीतल्या संवादांची पहिली अक्षरे दिसेनाशी होत आणि वाचणाऱ्याला ती अंदाजाने भरून घ्यावी लागत. घेणारा एक आणि वाचणारे अनेक, असा हा मामला होता. मे महिन्याच्या सुटीत अंकांची अदलाबदल होई. तिचे नियम मुलांनी मुलांसाठी केलेले असत, आणि मुखपृष्ठ नसलेला अंक मुखपृष्ठ असलेल्या अंकाच्या बदल्यात सहसा घेतला जात नसे. दोन भागांत चालणाऱ्या कथेचा पुढचा अंक ज्याच्याकडे असे, त्याचा भाव चढा राही. शेवटी हे सगळे रद्दीत जाई, आणि पुष्कळदा रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यातूनच ते दुसऱ्या घरी पोचे.

ओझरसारख्या वसाहतीला ह्या व्यवहारात एक वेगळेपण होते. साखर कारखान्याच्या किंवा रेल्वेच्या वसाहतींप्रमाणे येथेही पगार नियमित, घरे एका साच्याची आणि मुले एका वयाची होती. त्याखेरीज येथे भाषा अनेक होत्या. बंगळूरहून आलेल्या कुटुंबात कन्नड, शेजारी मल्याळम किंवा बंगाली, पलीकडे हिंदी आणि मूळ गावात मराठी, अशा ठिकाणी एकाच कथेचे, त्याच चित्रांचे अंक चार भाषांत असणे शक्य होते. चित्रे तीच असल्यामुळे एका भाषेत वाचलेली गोष्ट दुसऱ्या भाषेतल्या अंकावरून पडताळता येई, आणि लिपी येत नसली तरी कथा कळे. बहुभाषिक वसाहतीत मुलांना एकत्र आणणाऱ्या गोष्टींत क्रिकेट आणि हिंदी चित्रपट ह्यांचे नाव नेहमी घेतले जाते. इंद्रजालचे नावही त्या यादीत घालायला हवे. शिवाय ह्या मुलांच्या डोक्यावर कारखान्यात बांधलेली मिग विमाने चाचणीसाठी उडत होती. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील गव्हर्नरच्या निवासस्थानावर भारतीय मिग-२१ विमानांनी हल्ला केला, तेव्हा पराक्रम ही गोष्ट कागदावरच्या जंगलापुरती राहिली नाही. ज्या वस्तूंनी युद्ध जिंकले जाते त्या घडवणारी माणसे आपल्याच घरात संध्याकाळी चहा पिताना दिसत होती, आणि वेताळाच्या एकाकी शौर्यापेक्षा हे शौर्य सर्वस्वी निराळे, शेकडो हातांचे होते.

वडीलधाऱ्यांचे मत कॉमिक्सच्या बाजूचे नव्हते. अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्दम ह्या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा आरोप करणारा ग्रंथ लिहून मोठे वादळ उठवले होते. महाराष्ट्रात तितके टोक गाठले गेले नाही, परंतु अभ्यासाच्या पुस्तकात लपवून कॉमिक वाचणे आणि ते पकडले जाणे हा जवळजवळ प्रत्येक घरातला प्रसंग होता. ह्या नापसंतीतून निघालेले सर्वांत सर्जनशील उत्तर अमर चित्र कथेचे. तिचे संस्थापक अनंत पै हे आधी टाइम्सच्या पुस्तक विभागात होते आणि इंद्रजालचा आरंभ त्यांनी जवळून पाहिला होता. हेच माध्यम रामायण, महाभारत आणि इतिहास सांगण्यासाठी वापरता येईल ह्या विचाराने १९६७ मध्ये त्यांनी इंडिया बुक हाऊसतर्फे नवी माला सुरू केली. ह्या मालेतील ‘कृष्ण’ राम वाईरकर ह्यांनी चितारला; प्रताप मुळीक आणि दिलीप कदम ह्यांनी तिच्यातील कित्येक पौराणिक व ऐतिहासिक अंकांना चेहरा दिला. १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘टिंकल’मध्ये वाईरकरांचा सुप्पंडी आणि वसंत हळबे ह्यांचा शिकारी शंभू आला. मुळीकांचे काम तर थेट सुपरहिरोंपर्यंत पोचते. १९८० च्या दशकात अमिताभ बच्चन ह्यांना मुखवटाधारी ‘सुप्रीमो’ बनवणारी जी चित्रकथामाला निघाली तिची चित्रे त्यांची, आणि पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज हिंदी भाषक प्रदेशात घरोघरी पोचला, त्याच्या अनेक अंकांची चित्रेही त्यांचीच. भारतीय सुपरहिरोच्या शरीराची ठेवण, त्याची उभे राहण्याची ढब मराठी चित्रकाराने ठरवली, हे विधान अतिशयोक्तीचे नाही.

इंद्रजालनेही आपला भारतीय नायक काढला. १९७६ मध्ये आबिद सुरती ह्यांनी बहादूर निर्माण केला आणि गोविंद ब्राह्मणियांनी तो रेखाटला. बहादूर हा भैरवसिंह नावाच्या डाकूचा मुलगा. पित्याच्या मृत्यूचा सूड घेण्याच्या वाटेवरून मागे फिरून तो गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे करतो आणि जयगढ परिसरातील दरोडेखोरांशी लढतो. भगवा कुर्ता, जीन्सची पँट आणि बरोबरीने लढणारी बेला, असा त्याचा थाट. चंबळच्या खोऱ्यात १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण ह्यांच्यापुढे डाकूंनी शस्त्रे ठेवल्याची आठवण तेव्हा ताजी होती, आणि बहादूरच्या कथांना त्या वास्तवाचा आधार होता. वेताळाचा मान मोठा असला, तरी गुणवत्तेच्या कसोटीवर बहादूरचे आरंभीचे अंक अधिक धाडसी होते; त्यांत खलनायक जन्माने दुष्ट नसतो आणि बदल शक्य असतो.

वेताळाच्या कथांत ती जाण कमी होती, हे प्रेमाने वाचणाऱ्यानेही मान्य केले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या गोरा असलेला एक माणूस काळ्या लोकांच्या जंगलात न्याय करतो, ते त्याला देव मानतात, आणि त्याच्याशिवाय त्यांच्यात शांतता टिकत नाही, ही मांडणी वसाहतवादाच्या काळाची आहे. पुढे ली फॉकने त्या देशाला लोकशाही आणि लुआगा नावाचा आफ्रिकी राष्ट्राध्यक्ष दिला. तरी पाया तोच राहिला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी परकी सत्तेतून मुक्त झालेल्या देशातील मुलांना हा गोरा नायक आपला का वाटला, ह्याचे एक उत्तर त्याच्या भारतीयीकरणात आहे. रंग, नावे, मुखपृष्ठे आणि मुख्य म्हणजे त्याची मराठी बोली, ह्यांमुळे तो परका राहिलाच नव्हता.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले, जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रविवारची सकाळ पडद्यासमोर जाऊ लागली. हिंदीत डायमंड आणि राज कॉमिक्स ह्यांनी स्वस्त, पूर्णतः देशी नायकांची बाजारपेठ उभी केली. मराठीला तशी स्वतंत्र सुपरहिरो माला टिकवता आली नाही. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले, तेव्हा त्याचे सुमारे आठशे अंक झाले होते आणि त्यांतील जवळपास निम्मे वेताळाचे होते. मूळ मालिकेचे चित्रकार साय बॅरी ह्यांनी १९९४ मध्ये वेताळाचे चित्रण थांबवले आणि ली फॉक १९९९ मध्ये निवर्तले. ओझरच्या कारखान्यातही मिग-२१ ची बांधणी १९८० च्या दशकातच थांबून पुढे मिग-२७ आणि नंतर सुखोई-३० आले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झाले.

जुने अंक आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात, आणि ज्यांनी ते जपले त्यांनीच त्यांची पाने स्कॅन करून एकमेकांना पोचवली. संस्थांनी करायचे काम येथे वाचकांनी केले. तरीही एक मार्ग अजून चोखाळण्याजोगा आहे. १९५४ च्या कायद्यानुसार, आणि १९५६ मध्ये त्याची व्याप्ती नियतकालिकांपर्यंत वाढल्यानंतर, प्रकाशकाने प्रत्येक प्रकाशनाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह देशातील ठरावीक ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे, आणि त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय येते. मराठी इंद्रजालचे अंक तेथे शोधून प्रत्येकाचे मराठी शीर्षक, मूळ अमेरिकी कथेचे वर्ष, गाळलेल्या चौकटी आणि मुखपृष्ठावरील सही ह्यांची सूची कोणी केली, तर कोणती कथा मराठीत किती वर्षांनी आली आणि येताना तिच्यात काय बदलले हे नेमके कळेल. त्या कामासाठी वेळ मात्र फार नाही, कारण हे अंक स्वस्त कागदावर छापलेले आहेत, त्यांतील सर्वांत जुना कागद साठी ओलांडून गेला आहे, आणि आरंभी भाषांतराच्या टेबलाशी बसलेल्यांपैकी जे हयात असतील त्यांची वये ऐंशीच्या पुढे गेली असतील.